तात्यांची वीत

तात्यांच्या तळ्याला एकच नियम होता आणि तो सिमेंटमध्ये होता. काठावर वजनकाट्याशेजारी एक कट्टा, कट्ट्यावर घोटून गुळगुळीत केलेलं सिमेंट, आणि त्यात तात्यांचा उजवा पंजा, बोटं ताणून उमटवलेला. गळाला लागलेला मासा आणायचा आणि त्या पंजावर आडवा ठेवायचा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पुरला, तर खुशाल घेऊन जा. नाही पुरला, तर गुमान परत पाण्यात. मग तो कोणी बडा साहेब असो नाहीतर तात्यांचा सख्खा व्याही. व्याह्यांना तर एकदा बोटभर कमी भरलेला मासा चारचौघांत परत सोडायला लावला होता, आणि ते पुढे दोन वर्षं रुसून घरी आले नाहीत. तात्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "पिल्लाला हात लावायचा नाही," एवढंच ते म्हणायचे, आणि ते म्हणाले की विषय संपला.

तात्या मूळचे गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती सरळ केल्या आणि उतारवयात एक सोडून दिलेली मुरमाची खाण घेतली. तिचे काठ बांधले, एका अंगाला मोरी काढली, मोरीच्या तोंडाशी एकावर एक सात फळ्या बसवल्या, म्हणजे पाणी हवं तेवढं ठेवता यावं. मग मासे सोडले. हळूहळू गळवाले यायला लागले. रविवारी तर काठावर बसायला जागा मिळायची नाही. ज्याला मोठा मासा मिळेल त्याचा तात्या स्वतः फोटो काढायचे आणि काठावरच्या खोलीत भिंतीला लावायचे. तीस वर्षांत ती भिंत छतापर्यंत भरली.

आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तळं त्यांची लेक बघायची. तिला सगळे ताई म्हणायचे, तात्यासुद्धा. बाई कामाची आणि तोंडाची, दोन्हीची खमकी. तिच्याच वेळी तळ्याला ते लहान माशांचं ग्रहण लागलं.

मासा कुठला, तर चिलापी. बोटाएवढी, चपटी, राखाडी. पूर्वीही होती, पण आता नुसती चिलापीच उरली होती. गळ पाण्यात पडायचा अवकाश, बूच थरथरायचं, बुडायचं, वर यायचं, आणि गळ बाहेर काढावा तर गांडूळ गायब आणि आकडा चाटूनपुसून लख्ख. दहा वेळा टाका, दहा वेळा तेच. अकराव्या वेळी चुकून काही लागलंच तर बोटाएवढी चिलापी, तीही पंजावर ठेवली की तळहातातच संपायची. मग ती परत पाण्यात. गळवाल्यांच्या नाकी नऊ आले. एकेक जण येईनासा झाला. शेवटी नेमानं येणारा एकटा न्हावी उरला, आणि तोही मासे कमी आणि टोमणे जास्त मारायचा.

"तात्या, एक विचारू का?" तो म्हणाला. "मी इथं मासे धरायला येतो, का यांना जेवायला घालायला येतो?"

"पिल्लं आहेत रे. मोठी होतील," तात्या म्हणाले.

"गेली चार वर्षं पिल्लंच आहेत. माझा मुलगा तेवढ्यात मिशा काढून बसला."

ताईनं सरळ मत्स्यखात्यात जाऊन अर्ज केला, आणि पुढच्या सोमवारी माशांची डॉक्टरीण आली.

डॉक्टरीण म्हणजे अगदी तरुण पोरगी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर गोल फेकजाळं. तात्यांना बघून "नमस्कार आजोबा" म्हणाली, तिथंच पहिली ठिणगी पडली. तात्यांना आख्खा गाव तात्या म्हणायचा. आजोबा म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण त्या पोरीनं काठावर उभं राहून जाळं असं काही फेकलं की ते हवेत ताटासारखं उघडलं आणि पाण्यावर अलगद बसलं, आणि तात्या बोलायचं विसरले. चांगलं काम दिसलं की त्यांचा राग टिकायचा नाही.

जाळं वर आलं तेव्हा तिला एकटीला ओढवेना. न्हावी धावला. जाळ्यात नुसती वळवळती चांदी होती. एका फेकीत चारशे-पाचशे असतील, सगळ्या एका मापाच्या, जणू एकाच साच्यातून काढलेल्या.

"बघा, किती पिल्लं!" तात्या म्हणाले. त्यांना खरं तर अभिमानच वाटला.

डॉक्टरिणीनं त्यातली एक चिलापी उचलली आणि तिचा गळा बघितला. तो किंचित फुगलेला होता. "आजोबा, हात पुढं करा," ती म्हणाली. तात्यांनी ओंजळ केली. तिनं ओंजळीत थोडं पाणी घातलं, त्या बोटाएवढ्या माशाचं तोंड नखानं हळूच उघडलं आणि त्याला उलटं धरलं.

तोंडातून पिल्लं पडली. मोहरीएवढी, प्रत्येकाला दोन काळे डोळे. पाच, दहा, तीस, साठ, पडतच राहिली. तात्यांच्या ओंजळीत ती गोल गोल फिरायला लागली, आणि आईला ओंजळीत सोडताच सगळीच्या सगळी वळून परत तिच्या तोंडाकडे धावली. तिनं तोंड उघडलं. पिल्लं आत गेली. शेवटचं एक राहिलं होतं, तेही गेलं, आणि तोंड मिटलं.

 न्हावी वाकून ओंजळीत डोकावला.

"ही पिल्लू नाही," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "ही चार वर्षांची आहे. हिनं आजवर किती वेळा तोंड भरून पोरं वाढवली असतील, तिची तिलाच माहीत. गर्दी एवढी झाली आहे की यांना वाढायला पोटभर मिळतच नाही. मग अंग वाढत नाही, नुसती संख्या वाढते. तळ्यात लाखांच्या घरात असतील."

तात्या ओंजळीकडे बघतच राहिले. पाण्याचा एक थेंब त्यांनी सांडू दिला नाही.

"असं कसं झालं?" ताईनं विचारलं.

डॉक्टरिणीनं तो सिमेंटचा पंजा बघितला. त्याचा अर्थ विचारला. मग खोलीत जाऊन ती भिंतीवरचे फोटो बघत बराच वेळ उभी राहिली. तात्या मागोमाग गेले. भिंतीवर तीस वर्षांचे गळवाले हसत होते, आणि प्रत्येकाच्या हातांवर आडवा, काळा, चपट्या डोक्याचा एक मासा.

"या सगळ्या मरळी आहेत," ती म्हणाली.

"मीच सोडल्या होत्या. पहिल्याच वर्षी."

"मरळ चिलापी खाते, आजोबा. या तुमच्या तळ्याच्या राखणदार होत्या. तुम्ही लहान सगळे परत सोडले आणि मोठे सगळे देऊन टाकले. ज्यांनी खायचं त्या इथं भिंतीवर आहेत, आणि ज्यांना खायचं त्या पाण्यात."

तिनं हे काही टोचून सांगितलं नाही. पण तात्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ते भिंतीजवळच्या बाकावर बसले. माणसानं आयुष्यभर एक गोष्ट दया म्हणून करावी, तिच्यापायी नातलगांशी भांडावं, आणि एका पोरीनं येऊन दाखवावं की हीच दया तळ्याच्या मुळावर उठली! बांधलेली भिंत ओळंब्यात नसली तर गवंडी ती स्वतःच्या हातानं पाडतो. पण तीस वर्षं कशी पाडायची?

उपाय काय, ते डॉक्टरिणीनं ताईला सांगितलं. जाळ्यानं काढून भागणार नाही. जेवढ्या काढाल तेवढ्या उरलेल्या भरून काढतील. सरळ मार्ग म्हणजे विष. पाण्यात जे जे म्हणून जिवंत आहे ते सगळं संपवायचं, तळं कोरडं करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मासे सोडायचे. ताईनं ओठ घट्ट मिटले आणि मान डोलावली. तिला काय हौस होती का? पण तळं बंद पडताना नुसतं बघत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या सोमवारी पिंपं घेऊन ट्रक आणायचा, असं ठरलं.

"आणि पाण्यात अजून मरळ असली तर?" तात्या दारातून म्हणाले.

"शेवटची कधी दिसली?"

न्हावी म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी माझा दोर तुटला होता. तीच असणार."

"तुझा दोर दर रविवारी तुटतो," ताई म्हणाली.

डॉक्टरीण मात्र हसली नाही. ती म्हणाली, "असलीच तर एक करता येईल. पाणी निम्मं उतरवा. या चिलापी काठच्या शेवाळात, गवतात लपतात. पाणी उतरलं की गवत उघडं पडेल आणि यांना लपायला जागा उरणार नाही. शिकारी मासा असेल तर मग त्याची चंगळ होईल, आणि ती तुम्हाला काठावरून दिसेल. पण एखादी म्हातारी मरळ असून भागणार नाही. वाढणारं कुटुंब हवं. नाहीतर सोमवारी विष."

"आठ दिवस द्या," तात्या म्हणाले. इतक्या मऊ आवाजात त्यांनी आजवर कोणाकडे काही मागितलं नव्हतं. ताईनं बापाकडे बघितलं, आणि तिला नाही म्हणवेना.

तात्यांनी त्याच संध्याकाळी मोरीची वरची फळी काढली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. पाणी उतरत चाललं आणि तळं उलगडत गेलं. चिखलावर गवत आडवं झालं. आणि लपायची जागा गेल्यावर चिलापी मधल्या पाण्यात जमल्या. देवा रे, काय त्या जमल्या! पाण्याचा रंग पालटला. वारा नसताना पाणी शहारत होतं. एखादा खडा टाकला की इथून तिथपर्यंत सगळं तळं एकदम वळायचं आणि पांढरं व्हायचं, पुन्हा वळायचं आणि काळं व्हायचं. ताई हातातलं काम टाकून बघत उभी राहायची. ज्यांचा तिला जीव घ्यायचा होता त्यांच्याकडे बघताना तिच्या अंगावर काटा यायचा.

मध्ये गळवाल्यांना निरोप गेले होते: या आणि धरा, काहीही परत सोडायचं नाही. तात्यांनी पंजावर स्वतः गोणपाट टाकलं. पण सवय कुठं जाते? न्हाव्यानं पहिली चिलापी धरली, आकडा काढला, आणि हात आपोआप फिरून ती पाण्यात! "अरे, काय करतोस!" तात्या ओरडले. दहा मिनिटांनी तात्यांनी स्वतः एक धरली आणि तीही पाण्यात. मग दोघं एकमेकांकडे बघून पोट धरून हसले. त्या आठवड्यात तात्या तेवढे एकदाच हसले.

कारण मरळ काही दिसेना. दिवसभर ते काठावर खुर्ची टाकून बसायचे. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. चार दिवस झाले, पाच झाले, सहा झाले. एकदा पाणी जोरात हललं आणि ते उठून उभे राहिले, तर मुरमाचं ढेकूळ ढासळलं होतं.

"तात्या, असती तर एव्हाना दिसली असती," रविवारी ताई त्यांच्याजवळ बसून म्हणाली. "उद्या ट्रक येईल. तुम्ही घरीच थांबा. तुम्हाला बघवणार नाही."

"बघवायचा काय संबंध? हे मी केलंय, तर बघायलाही मीच हवा," तात्या म्हणाले.

सोमवारी उजाडल्यावर ते एकटेच तळ्यावर आले. वहाणा काठावर काढल्या, धोतर वर खोचलं आणि काठी टेकत सरळ चिखलात उतरले. ताईनं बघितलं असतं तर आकांत केला असता. गुडघे दुखत होते, पण पाणी गार होतं, आणि तळ कसा निघाला आहे ते त्यांना एकदा पायांनी बघायचं होतं. मोरीपासून दूर, उथळ अंगाला, थोडं गवत अजून पाण्यात उभं होतं. ते तिथवर गेले आणि दम खायला थांबले.

समोर चार हातांवर पाण्यावर काहीतरी लाल दिसलं.

आधी त्यांना वाटलं, कोणाच्या कपड्याचा तुकडा आहे. परातीएवढा लाल डाग. मग तो डाग बुडाला. थोडा वेळ काही नाही. मग जरा अलीकडे पुन्हा वर आला, आणि त्यात शेकडो बारीक बारीक तोंडं उघडून मिटली. पिल्लं होती. नखाएवढी, शेंदरी, हजारभर तरी असतील. सगळी एकदम हवा प्यायला वर येत होती आणि एकदम खाली जात होती. मरळीची पिल्लंच अशी वर येऊन हवा पितात.

तेवढ्यात चिलापींनी त्या पिल्लांना बघितलं. मधल्या पाण्यातून राखाडी लोंढा उथळाकडे सरकला, त्या शेंदरी घोळक्यावर. तात्यांना ओरडायचं होतं. काठी हाणायची होती. पण हात उचलायच्या आत पाणी फुटलं.

गवतातून काहीतरी काळं, त्यांच्या मांडीएवढं जाड, सरळ त्या लोंढ्यात घुसलं. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तशा चिलापी हवेत उडाल्या. काही तात्यांच्या छातीवर आदळल्या, काही चिखलात पडून फडफडायला लागल्या. पाणी खाली बसायच्या आत दुसऱ्या बाजूनं दुसरी मरळ आली, पहिलीहून थोडी लहान, आणि लोंढा मधून फाटला. दोघींनी मिळून तो पार पलीकडच्या काठापर्यंत रेटत नेला. एवढी लाखभर फौज, पण त्या दोघींसमोर वाट फुटेल तिकडे पळत होती.

मग सगळं शांत झालं. शेंदरी घोळका पुन्हा वर आला, हवा प्यायला. आणि त्याच्या खालून ती मोठी मरळ सावकाश तात्यांकडे आली.

ती त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली. चपटं डोकं, पाठीवर जुन्या जखमेचा पांढरा ओरखडा, तोंडाच्या कोपऱ्यात गंजून काळा पडलेला एक आकडा रुतलेला. ती त्यांच्याकडे बघत होती. पिल्लांजवळ आलेल्या कोणालाही मरळ सोडत नाही, हे तात्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाय हलवला नाही. भीती नव्हती, हलणं त्यांना शोभलंच नसतं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तिनं त्यांना खांब समजून सोडून दिलं असावं. ती वळली, आणि पिल्लांचा घोळका तिच्या मागून तात्यांच्या पायांभोवती आला.

"तात्या!" काठावरून ताईची हाक आली. मागं ट्रक उभा होता आणि त्यात निळी पिंपं. "अहो, गुडघ्यांचं काय करून घेताय! आधी बाहेर या!"

तात्यांनी मागं न बघता नुसता हात वर केला. हाक मारली आणि तात्यांनी उलट उत्तर दिलं नाही, असं ताईच्या आठवणीत कधी घडलं नव्हतं. तिनं चपला काढल्या आणि ती चिखलातून आत आली. जवळ आली तशी तिची पावलं आपोआप हळू पडायला लागली. तात्यांनी बोटानं दाखवलं. ताईनं बघितलं आणि पदराचा बोळा तोंडावर दाबला.

"अगं बाई," ती कुजबुजली. "केवढी आहे! तात्या, ही इतकी वर्षं इथंच होती?"

"इथंच."

"आणि पोरं... डॉक्टरीण म्हणाली होती तसं कुटुंबच आहे की हो." तिचे डोळे भरून आले. "तात्या, तुम्ही आठ दिवस मागितलेत म्हणून वाचली ही. तुम्ही वाचवलंत."

"नाही गं," तात्या म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही. "हिची आई, हिच्या बहिणी, सगळ्या मी माझ्या हातानं उचलून लोकांना दिल्या. हसून फोटो काढले. हिला मी वाचवलं नाही, ताई. ही मला चुकवून वाचली."

ताईनं बापाचा दंड धरला. काठावरून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, कुठं उतरवायचं म्हणून हाक मारली. तिनं पाण्यावरची नजर न काढता मागच्या मागं हात हलवून त्याला परत जायला सांगितलं. ट्रक वळून रस्त्याला लागला, तरी ते दोघं बाप-लेक तिथंच उभे होते, कारण पिल्लं आता दोघांच्याही पायांमधून जात होती.